कोऱ्या रकान्याची नोकरी

पहाटे ५.३०

मार्गळी महिन्यात कुंभकोणममध्ये गजर लावावा लागत नाही. देवळांच्या कर्ण्यांवरून तिरुप्पावै सुरू होते आणि गल्ली जागी होते. सासूबाई दारात कोलम घालायला बसतात, मी दुर्बीण गळ्यात अडकवून कॉफी उभ्यानेच पिते. या घरात मराठी बोलतात, पण ती तंजावरची, तीनशे वर्षे तमिळच्या शेजारी नांदलेली. मी साताऱ्याची. माझी मराठी फार पुस्तकी आहे, असे सासूबाईंचे ठाम मत आहे.

माझे काम कोणी विचारले तर 'कॉम्प्युटरचं' एवढेच सांगते, कारण खरे उत्तर ऐकून लोक पुन्हा तोच प्रश्न विचारतात. रशियाच्या राखीव अरण्यांत माणसांनी वर्षानुवर्षे हाताने लिहिलेल्या तारखा मी तपासते. बर्चला पालवी कधी आली, नदीवरचा बर्फ कधी फुटला, कोकीळ पहिल्यांदा कधी ऐकू आला. एका संशोधक गटासाठी घरून चालणारे हे संख्याशास्त्राचे काम आहे. ते करायला तैगाच्या जंगलात जावे लागत नाही, आणि मी कधी गेलेलीही नाही.

६.१५

अरसलार नदीच्या पलीकडच्या शेतांच्या बांधावर. सांबा भात पोटरीतून बाहेर पडून पिवळे पडू लागले आहे. ज्या वाफ्यांत अजून पाणी आहे तिथे ठिपकेवाली तुतारी हमखास भेटते. करड्या पाठीवर पांढरे ठिपके, पिवळट पाय, चाहूल लागली की तीन-चार शिट्ट्या मारून उडणारी. भाताच्या चिखलात ती इतकी सहज वावरते की इथलीच वाटते. पण तिचे घरटे उत्तरेकडच्या तैगातल्या दलदलीत असते, म्हणजे ज्या मुलखाच्या वह्या मी दिवसभर वाचते तिथे. आजचीच पाखरे त्याच जंगलातली, असा दावा मात्र करता येत नाही. पायात कडे असल्याशिवाय पक्ष्याचा पत्ता सांगणे म्हणजे गप्पा मारणे.

कडी घालण्याचे काम आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, कोडिक्करैला चालते. १९६७ साली अभयारण्य झालेल्या या किनाऱ्यावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने कित्येक दशके पक्षी पकडून, मोजून, कडे घालून सोडले आहेत. बाकचोच तुतारी तिथे हिवाळ्यात येते. ती जन्मते सैबेरियाच्या उत्तर टोकाच्या टुंड्रात, जिथे उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा.

मोजणी झाली की फोनवर यादी भरायची. शेवटी ॲप विचारते : पाहिलेल्या सगळ्या जातींची नोंद केली आहे का? या साध्या प्रश्नावर माझी नोकरी उभी आहे. मी शेतात गेले, शोधले आणि तुतारी दिसली नाही, तर तो शून्य. मी गेलेच नाही, तर तो कोरा रकाना. संगणकाला दोन्ही सारखेच रिकामे वाटू शकतात. माणसाने मात्र दोन्हींत गल्लत करायची नसते.

८.३०

आंघोळ, इडली, भाजीवाला. यात सांगण्यासारखे काही नाही.

९.१०

वीज गेली. महिन्याच्या देखभालीसाठी आज पाचपर्यंत येणार नाही, हे पेपरात आले होते आणि मी वाचले नव्हते. इन्व्हर्टरवर पंखा किंवा लॅपटॉप, दोन्ही नाही. जानेवारी असल्याने पंख्याचा त्याग सोपा आहे.

फाइल उघडते. 'क्रॉनिकल्स ऑफ नेचर कॅलेंडर' नावाचा हा संग्रह २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि कुणालाही मोफत मिळतो : ४७१ ठिकाणे, ५,०६,१८६ तारखा, १८९० ते २०१८. ठिकाणे रशिया, युक्रेन, बेलारूस, उझबेकिस्तान आणि किरगिझस्तानातली. त्यातला बराच भाग 'झापोव्हेदनिक' म्हणजे पूर्ण बंदिस्त राखीव अरण्यांतून आलेला आहे. या अरण्यांत पर्यटन गौण, शिकार बंद आणि नोंदी ठेवणे हे नेमून दिलेले काम. सैबल नावाच्या केसाळ प्राण्यासाठी बैकल सरोवराकाठी बार्गुझीनचे अरण्य राखले गेले ते झारच्या शेवटच्या हिवाळ्यात. त्यानंतर क्रांती झाली, राज्य बदलले, पण अरण्य राखण्याची पद्धत टिकली, आणि पुढे दरवर्षी 'निसर्गाची बखर' लिहिण्याचीही पडली. बखर हा माझा शब्द. त्यांचा 'लेतोपीस' आहे, तोही जुन्या राजांच्या इतिहासलेखनातूनच आलेला.

आजचा वाटा : पक्ष्यांच्या पहिल्या आगमनाच्या तारखा. आधी प्रत्येक तारखेचा वर्षातला कितवा दिवस ते काढायचे. १ मे हा १२१ वा दिवस, लीप वर्षात १२२ वा. हे विसरले तर दर चार वर्षांनी वसंत एक दिवस लवकर आल्याचा शोध लागतो! जुन्या नोंदी आणखी चकवतात. रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडला. त्याआधीची तारीख जुन्या पंचांगातली असेल तर विसाव्या शतकात तेरा दिवस मिळवायचे, एकोणिसाव्यात बारा. सुदैवाने संग्रहातली ९६ टक्के माहिती १९६० नंतरची आहे. तरी उरलेल्या चार टक्क्यांत एखादी बदली न केलेली तारीख निघाली तर तापमानवाढीचा आलेख सुरुवातीलाच वाकडा होईल. म्हणून शंभर वर्षांपूर्वीची ओळ दिसली की मी मूळ नोंद कोणत्या पंचांगातली, हे विचारायला टिपण करून ठेवते.

११.४५

आता कोरे रकाने. एका उत्तरेकडच्या ठिकाणच्या ओळी १९५१ ला थांबतात आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू होतात. नवख्या माणसाला वाटेल, वही हरवली. पण १९५१ मध्ये स्टालिनच्या सरकारने १२८ झापोव्हेदनिकांपैकी फक्त ४० ठेवले, बाकी मोडीत काढले. लॅपलँडचे अरण्यही बंद झाले आणि १९५७ मध्ये परत मिळाले. मधल्या वर्षांतही तिथे बर्फ वितळलाच असणार, पाखरे आलीच असणार. लिहायला नेमलेला माणूस नव्हता.

अशी पोकळी शेजारच्या वर्षांची सरासरी काढून भरता येते. मी भरत नाही, आणि भरणाऱ्यांशी माझे फारसे जमत नाही. भरलेला आकडा पुढच्या माणसाला निरीक्षणासारखाच दिसतो. मी रकाना कोराच ठेवते आणि शेजारी कारण लिहिते : 'अरण्य बंद'. माझ्या दिवसातली निम्मी मेहनत अशा दोन शब्दांच्या टिपांत जाते.

दुपारी १.३०

इथे दीड म्हणजे हेलसिंकीत सकाळचे दहा. फोनच्या इंटरनेटवर तिथल्या सहकारी बाईंशी बोलणे. त्यांच्या खिडकीबाहेर अंधूक उजेड, माझ्या मागे डांगर पचडीचा वास.

विषय निघतो किवाचचा. कारेलियातले हे अरण्य १९३१ चे. तिथल्या एकाच ठिकाणच्या चाळीस वर्षांच्या १०,४२५ तारखांवर २०१३ मध्ये शोधनिबंध आला. त्याने एक घोटाळा नीट दाखवला : वसंत पुढे सरकतोय म्हणजे सगळे एकत्र पुढे सरकतेय असे नाही. झाडांनी आपला वसंत तापमानापेक्षाही वेगाने अलीकडे आणला. स्थलांतरित पक्षी सरासरीने तेवढे सरकले नाहीत, आणि आपसातही त्यांची पावले वेगवेगळी पडली. पुढे २०२१ मध्ये सोव्हिएत संघाच्या जुन्या मुलखातल्या ७०,७०९ नोंदी आणि ११० घटना एकत्र तपासल्या, तेव्हा तर 'वसंत लवकर, शरद उशिरा, उत्तरेला बदल जास्त' हे सोपे सूत्रच टिकले नाही. ठिकाणागणिक वेगळे चित्र निघाले. वर्तमानपत्राला असा निष्कर्ष आवडत नाही. मला तो विश्वासार्ह वाटतो.

याचा फटका कसा बसतो ते तैमिर द्वीपकल्पात दिसले. तिथे जन्मणाऱ्या नॉट पक्ष्यांवरचे काम २०१६ मध्ये 'सायन्स' मध्ये छापून आले. बर्फ लवकर वितळतो, किडे लवकर येऊन जातात, पिल्ले मागून येतात. ती लहान चणीची आणि आखूड चोचीची होतात. मग हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाळूत खोल रुतलेल्या शिंपल्यांपर्यंत चोच पोचत नाही आणि ती मरतात. पक्षी मेला उष्ण देशात, कारण घडले ध्रुवाजवळ. आफ्रिकेतल्या माणसाकडे तैमिरची नोंदवही नसेल तर तो आपल्याच किनाऱ्यात दोष शोधत बसेल. कोडिक्करैलाही हेच लागू पडते.

बोलण्याच्या शेवटी नेहमीचा विषय येतो आणि आम्ही दोघी थोड्या गप्प होतो. २०२२ नंतर पाश्चात्त्य संस्था आणि रशियन केंद्रे यांच्यातली देवाणघेवाण बहुतेक थांबली आहे. २०२४ मध्ये एका अभ्यासाने मोजून दाखवले की रशियातली केंद्रे वगळली तर आर्क्टिकचे आपले चित्र एका बाजूला कलते. तिथले वनरक्षक आजही वह्या भरत असतील. त्या आमच्यापर्यंत कधी आणि कशा येतील, यावर दोघींपैकी कुणीही भाकीत करत नाही.

३.१५

जेवणानंतर डोळे मिटू नयेत म्हणून लेमिंग. हा उंदराएवढा प्राणी टुंड्रात दर तीन-चार वर्षांनी उदंड होतो आणि मग एकदम ओसरतो. उदंड असतो तेव्हा ध्रुवीय कोल्हा त्याच्यावर पोट भरतो. ओसरला की कोल्हा जमिनीवरच्या घरट्यांकडे वळतो. त्या वर्षी तुताऱ्यांची पिल्ले फार वाचत नाहीत, आणि हजारो किलोमीटर दक्षिणेला हिवाळ्यात थव्यांत तरुण पक्षी कमी दिसतात. हे नाते दक्षिण आफ्रिकेतल्या पक्षीअभ्यासकांनी ऐंशीच्या दशकातच पकडले होते.

यातून मुदतीचा हिशेब निघतो. संशोधनाला पैसा मिळतो बहुधा तीन वर्षांसाठी. तीन वर्षांत लेमिंगचे एक चक्रही धड पुरे होत नाही. कुंभकोणमच्या माणसाला हे समजावणे सोपे जाते, कारण आमचे महामहम पर्व बारा वर्षांनी येते : २०१६ ला झाले, पुढचे २०२८ ला. एका पिढीच्या निरीक्षणात तीनच आकडे मिळायचे.

५.०५

वीज आली. सासूबाई माळ्यावरून एक पत्र्याची पेटी उतरवून घेतात. संक्रांतीची, म्हणजे इथल्या पोंगलची, आवराआवर. पेटीत सासऱ्यांच्या शेतीच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत.

"रद्दीत देऊ का?"

"आई, थांबा."

मेट्टूरचे पाणी आमच्या कालव्याला कधी लागले, ती तारीख त्यांनी दरवर्षी एका कोपऱ्यात लिहिली आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा खरा ऋतुबदल हाच. १९३४ पासून धरण आहे आणि दरवाजे उघडण्याचा ठरलेला दिवस १२ जून. तीन-चार दिवसांनी पाणी कल्लणै बंधाऱ्याला, तिथून कालव्यांना, मग कुरुवै भाताची पेरणी. पण ठरलेला दिवस प्रत्यक्षात पाळला जातोच असे नाही. २०२२ मध्ये धरण भरत आले होते, दरवाजे २४ मे रोजीच उघडले. २०२४ मध्ये पाणी नव्हते, उघडायला २८ जुलै उजाडला.

या तारखांचा आलेख काढला तर तो पावसाचाही असेल, वरच्या राज्याशी चाललेल्या भांडणाचाही आणि सरकारच्या निर्णयाचाही. सासऱ्यांनी हे ओळखले होते. काही वर्षांपुढे त्यांनी नुसती तारीख लिहिलेली नाही, 'मागणी करून', 'पाळीने', 'कुरुवै सोडली' असे दोन शब्दही टिपले आहेत. तमिळ हिशेबात मोडीचे वळण डोकावते ते वेगळेच. काही वर्षे कोरी आहेत. सासूबाईंना विचारले. एका वर्षी ते आजारी होते, एका वर्षी शेत खंडाने दिले होते. मी दोन्ही कारणे पेन्सिलने शेजारी लिहून ठेवली, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव घालून.

८.४०

दिवसाची फाइल पाठवली. तपासलेल्या ओळींपेक्षा शंका घेतलेल्या ओळी जास्त. त्यांची उत्तरे यायला आठवडे लागतील, काहींची येणारही नाहीत.

पोंगलच्या सुटीत तमिळनाडूभर पक्षीगणना असते. २०१५ पासून सुरू झालेल्या या गणनेत कुणीही आपल्या गावातून पंधरा मिनिटे मोजून यादी भरू शकतो. यंदा शेजारची दोन मुले माझ्याबरोबर येणार आहेत. पक्षी दिसला नाही तरी यादी भरायची, हे त्यांना मी आत्ताच बजावून ठेवले आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी वडिलांची, आजीची, गावच्या पाटलाची अशी एखादी वही असेल, ज्यात पहिला पाऊस, आंब्याचा मोहोर, विहिरीचे पाणी किंवा कालव्याचे आवर्तन तारखेसह लिहिलेले असेल, तर ती रद्दीत घालण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. गावाचे नाव लिहा. आणि जी वर्षे कोरी आहेत ती का कोरी आहेत, हे ज्यांना आठवते त्यांना आजच विचारून घ्या.