दुनळी बंदूक : निवड व पारख

दोन गुळगुळीत नळ्या शेजारी-शेजारी किंवा एकावर एक जोडलेली, छर्ऱ्यांची काडतुसे झाडणारी बंदूक. खानदेशातील रावेर, यावल, चोपडा व शिरपूर या तालुक्यांत सातपुड्याची वने शेतीला भिडलेली असल्याने केळी, मका इ. पिकांना रानडुकरांचा उपद्रव होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर शिकारीचा छंद बंद झाला. पिकांचा नाश करणारे रानडुक्करही सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. त्यामुळे येथे बंदुकीचा उपयोग मुख्यत्वे स्वसंरक्षणापुरता उरला असून तिची निवड शोभेपेक्षा भरवशावर करणे इष्ट ठरते.

दुनळीत प्रत्येक नळीची चाप व घोड्याची यंत्रणा बहुधा स्वतंत्र असते. त्यामुळे एक बार फुसका गेला, तरी दुसरा हाताशी राहतो. नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या आकुंचनास ‘चोक’ म्हणतात. सामान्यतः उजवी नळी कमी व डावी अधिक आकुंचित असते. ३६ मी. अंतरावरील ७६ सेंमी. व्यासाच्या वर्तुळात पूर्ण चोक सु. ७० टक्के, तर चोकविरहित नळी सु. ४० टक्के छर्रे टाकते. सर्वांत प्रचलित १२ बोअरच्या नळीचा आतील व्यास सु. १८·५ मिमी. असतो.

किंमत मुख्यतः निर्मात्याचे नाव, कोरीवकाम, साइडलॉक यंत्रणा व झाडलेले काडतूस आपोआप बाहेर फेकण्याची सोय यांमुळे वाढते. सुरक्षितता त्यांवर अवलंबून नसते. बर्मिंगहॅम येथे १८७५ मध्ये अँसन व डीली यांनी सिद्ध केलेली बॉक्सलॉक यंत्रणा कमी भागांची, मजबूत व स्वस्त असते. बेताच्या खर्चात दोन चापांची साधी बॉक्सलॉक बंदूक घेणे श्रेयस्कर होय.

जुनी बंदूक पाहताना प्रथम दोन्ही कोठ्या रिकाम्या असल्याची खात्री करावी. नळ्यांखालील लाकडी पकड काढून बंदूक मिटलेल्या स्थितीत हलवावी; सांधा खुळखुळल्यास ती झिजलेली समजावी. नंतर नळ्या अलग करून उजेडाकडे धराव्यात. आतील प्रकाशवलये एककेंद्री दिसावीत. ती मोडलेली दिसल्यास नळीस पोचा किंवा फुगवटा असतो. पोचा कुशल कारागीर काढू शकतो. फुगवटा आलेली नळी मात्र टाळावी. कोठीजवळ गंजाचे खोल खड्डे असणे सर्वांत धोक्याचे असते, कारण वायूचा दाब तेथेच अत्युच्च असतो. टांगलेल्या नळ्यांवर लाकडाने हलकेच टकटक केल्यास स्वच्छ नाद यावा. बद्द आवाज आल्यास दोन्ही नळ्या जोडणारी पट्टी सुटल्याची शंका घ्यावी.

नळ्यांवरील चाचणीचे शिक्के नावापेक्षा महत्त्वाचे असतात. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या नागमोडी नक्षीच्या ‘दमास्कस’ नळ्या मुळात काळ्या दारूसाठी होत्या; धूरविरहित दारूची चाचणी झाल्याचा शिक्का नसल्यास त्यांत आधुनिक काडतूस झाडू नये. कोठीची लांबीही तपासावी. ६५ मिमी. कोठीत ७० मिमी.चे काडतूस सहज बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार उडताच ते उलगडून पुढील अरुंद भागात शिरते व दाब धोकादायक पातळीस जातो. वडिलार्जित बंदुकीत ही चूक नकळत घडते आणि नळी फुटून हात निकामी होऊ शकतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये किमान २० इंच (सु. ५१ सेंमी.) नळीच्या गुळगुळीत बंदुकीचा परवाना संरक्षणासाठी मागता येतो. त्यासाठीचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्याकडे करतात. वारशाने आलेली बंदूकही स्वतःच्या परवान्याविना बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार सर्वसाधारण परवानाधारकास दोनच बंदुका ठेवता येतात. खरेदीपूर्वी जाणत्या कारागिराकडून नळीची जाडी मोजून घेण्याचा खर्च अल्प असतो. स्वस्त बंदुकीचा भरवसा बव्हंशी या तपासणीवरच ठरतो.