मृगाच्या आधी : काळ्या मातीवर रस्ता बांधताना

सकाळी ६
नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरहून साईटवर पोचतो तेव्हा ऊन कोवळं असतं. कापूस निघून गेलेल्या कडेच्या रानात उतरून मी आधी भेगा पाहतो. मे अखेरीस इथली भारी जमीन अशी उलते की हात मनगटापर्यंत आत जातो. शेतातली भेग साईडपट्टीत शिरली असेल, तर डांबराच्या कडेपासून थोडं आत, रस्त्याला समांतर अशी लांब चीर हमखास सापडते. डांबराखाली मधल्या मातीचा ओलावा वर्षभर फारसा हलत नाही. कडेची माती मात्र उन्हाळ्यात आधी वाळून आकसते आणि पावसाळ्यात आधी भिजून फुगते. मध्य जागेवर आणि कडा खाली-वर, अशा ओढाताणीत डांबर फाटतं. मग त्या चिरेतून पाणी आत मुरतं आणि उरलेलं काम ऊस-सोयाबीनच्या गाड्या करतात.

सकाळी ७
जुना रस्ता उकरून ठेवलेल्या पट्ट्यात आज चुना मिसळायचा आहे. मातीची ढेकळं ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरनं बारीक होईपर्यंत मी चुन्याची गोणी फोडू देत नाही, कारण ढेकळाच्या पोटात चुना जात नाही. बाहेरून पांढरं दिसणारं ढेकूळ आत काळंच राहतं आणि पावसात तिथेच फुगवटा येतो. साधारण 3 टक्के चुना वजनावर मोजून पसरतो. हातमोजे आणि चष्म्याशिवाय कुणी पुढे यायचं नाही, हा नियम मुकादम मराठीत सांगतो आणि लगेच तेलुगूतही सांगतो.

या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात आणि पाणी त्यांच्यामध्ये शिरून त्यांना दूर लोटतं. चुन्यातलं कॅल्शियम त्या पापुद्र्यांवर जाऊन बसलं की पाण्याची ओढ कमी होते आणि चिकट माती रवाळ होते. पुढे काही आठवड्यांत चुना आणि माती मिळून बांधून धरणारी संयुगं तयार होतात.

सकाळी ९
मिसळल्यापासून तीन तासांच्या आत दाबाई संपली पाहिजे, म्हणून आता टँकर आणि रोलर यांचं गणित जमवायचं. पाणी कमी पडलं तर माती दबत नाही, जास्त झालं तर रोलरखाली हेलकावते. पेरणीला वाफसा लागतो तसाच दाबाईलाही लागतो. रोलरचालक शेतकरी घरातला आहे, मूठभर माती दाबून तो ओलावा बरोबर सांगतो. तरीही मी मीटर लावतो, कारण वहीत आकडा जायला हवा. रोलर फिरून गेल्यावर कोअर कटर ठोकून घनता काढतो. प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या 97 टक्के भरली नाही तर रोलर पुन्हा फिरतो. त्यानंतर सात दिवस हा थर ओला ठेवायचा आणि त्यावरून बैलगाडीही जाऊ द्यायची नाही.

दुपारी १२
पत्र्याच्या शेडमधली आमची छोटी प्रयोगशाळा. काल दोन नळ्यांत दहा-दहा ग्रॅम चाळलेली माती टाकली होती, एका नळीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींतली माती कुठवर आली ते वाचायचं. रॉकेलमध्ये दहावर बसलेली माती पाण्यात वीसवर गेली, तर फुगवटा 100 टक्के. 50 च्या वर गेलेली माती भरावाला चालत नाही. शेजारी हौदात सीबीआरचे, म्हणजे मातीची भार पेलण्याची ताकद मोजायच्या चाचणीचे, साचे चार दिवस भिजत ठेवलेले आहेत. वाळलेली काळी माती दगडासारखी कठीण असते, पण भिजली की तिचा सीबीआर बहुतेकदा 2 ते 4 टक्के भरतो. रस्त्याची जाडी त्या भिजलेल्या आकड्यावर ठरवायची. मे महिन्यातल्या कडक जमिनीला भुलून खडी कमी केली की पहिल्याच पावसाळ्यात रस्ता खचतो.

दुपारी १:३०
बेचाळीस अंशांच्या उन्हात साईट बंद. जेवताना एक नवा पदवीधर मुलगा लडाखच्या रस्त्यांबद्दल विचारतो. तिथे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, खालून आणखी पाणी वर ओढून घेतं, बर्फाचे थर जाड होतात आणि रस्ता उचलला जातो. वसंतात वरचं बर्फ आधी वितळतं, पण खालची जमीन गोठलेलीच असल्यानं पाण्याला वाट मिळत नाही आणि चाकाखाली चिखल होतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण बारीक कणांची माती, पाणी आणि ऋतुबदल हे तिघे इथेही एकत्र येतात. माती बदलणं महाग पडतं आणि ऋतू कुणाच्या हातात नाही. उरतं पाणी. लडाखमधला सीमा रस्ते संघटनेचा अभियंता असो की देगलूरचा, दोघांनाही आधी पाण्याची वाट ठरवावी लागते.

दुपारी ४
नळकांडी पुलापाशी नाली बुजलेली दिसते. शेतकरी मामा बांधावरच उभे असतात.

“साहेब, नाली बुजवली नाही तर ट्रॅक्टर रानात न्यावं कसं?”

त्यांचं बरोबर आहे. आराखड्यात प्रत्येक शेताच्या वाटेखाली पाईप हवा होता आणि इथे तो नाही. मी पाईपची जागा आखून घेतो आणि म्हणतो, “मामा, तोवर एवढी नाली उघडी ठेवा. पाणी तुंबलं तर तुमची तूरही पिवळी पडेल.” ते लगेच फावडं मागवतात. नालीचं पाणी शेताचं आणि रस्त्याचं सारखंच नुकसान करतं, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

संध्याकाळी ६
मुरमाचे हायवा येतात. या पट्ट्यात बेसॉल्टचा मुलूख संपत येतो आणि ग्रॅनाइट वर येतो, त्यामुळे मुरूम गाडीगणिक बदलतो आणि प्रत्येक खेप पाहूनच उतरवावी लागते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घ संशोधन करून दाखवलं की, चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर वर दिला की खालच्या काळ्या मातीचं फुगणं आवरतं. कालव्यांच्या कामात ती रीत रुजली. आम्ही साईडपट्टीतही असाच मुरूम पूर्ण रुंदीनं, नालीकडे उतार देऊन दाबतो. साईडपट्टी डांबरापेक्षा उंच राहिली तर पाणी रस्त्यावरच थांबतं.

रात्री ८
वहीत आजची घनता, ओलावा, चुन्याच्या गोण्या आणि बुजलेल्या नाल्यांच्या जागा लिहितो. जिल्ह्यात वर्षाला साधारण 800-900 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत येतो. मृगाला थोडेच दिवस राहिलेत. गावात रस्ता झाला की लोक डांबराची जाडी बोटानं मोजून पाहतात, आणि ते योग्यच आहे. त्याचबरोबर त्यांनी नाली, मोरी आणि साईडपट्टीही मोजावी. ग्रामपंचायतीनं पावसाळ्याआधी आणि नंतर एकेकदा नाल्या उपसल्या, साईडपट्टीच्या भेगा मुरूम ठोकून बुजवल्या, तर काळ्या मातीवरचा साधा ग्रामीण रस्ताही बरीच वर्षं उभा राहतो. एवढ्या कामाला फावडं, मुरूम आणि गावातली चार माणसं पुरतात.