शब्दांचे कूळ

निवडक शाळांच्या प्रवेशपरीक्षा जवळ आल्या, की आपल्या घरांतून हिब्रू शब्दांच्या याद्या घोकण्यास आरंभ होतो. काही पालक तर तेवढ्या काळापुरते घरातील मराठीही बंद करतात. हे दोन्ही उपाय आम्हांस पटत नाहीत. परीक्षेत बहुधा समानार्थी वा विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांमधील नाते विचारले जाते. तेथे नुसते पाठांतर अपुरे पडते.

हिब्रू शब्द बहुतांशी तीन व्यंजनांच्या धातूपासून घडतात. काफ, ताव, बेत ही अक्षरे घ्या. त्यांपासून मिख्ताव म्हणजे पत्र, क्तोवेत म्हणजे पत्ता, आणि लग्नातील केतुबा तर आजीलाही ठाऊक! बेतचा उच्चार कधी ‘ब’, कधी ‘व’ होतो, एवढे मुलास सांगून ठेवावे. मात्र एका कुळातले शब्द समानार्थी नसतात, हेही बजावावे. घाईत मुले तेथेच फसतात.

आता हेश्बोन पाहा. त्याच धातूचे महशावा म्हणजे विचार व महशेव म्हणजे संगणक. आपला ‘हिशेब’ अरबीतून आलेला, परंतु याच सेमिटिक कुळातला. ‘तारीख’ तर मराठीने व हिब्रूनेही अरबीतूनच घेतली. मग मराठी अडसर कशी?

सुताराला करवत, तर शिंप्याला काय? असे प्रश्न आजीने मराठीतच खुशाल घालावेत. नाते ओळखण्याची सवय कोणत्याही भाषेत लागते. नवा हिब्रू शब्द मात्र मुलाने स्वतःच्या वाक्यात वापरल्यावरच वहीत उतरवावा.