सागरविज्ञानाची पदवी : विशेष विषय कोणता निवडावा?

पारंपरिक मोजणीनुसार ७२० किलोमीटर लांबीचा सागरकिनारा महाराष्ट्राला लाभला आहे. त्याच्याही पलीकडे, १९७६ च्या कायद्यान्वये भारताने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात अनन्य आर्थिक क्षेत्राचे हक्क प्रस्थापित केले आहेत. एवढ्या विस्तीर्ण जलक्षेत्राचा अभ्यास करणारी, त्यातील संपत्तीचा विचारपूर्वक विनियोग करणारी आणि तिचे जतन करणारी माणसे आपल्याच किनाऱ्यावरील गावांतून निर्माण व्हावीत, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु बारावीचे निकाल लागले की किनाऱ्यावरील शाळांतून आणि ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : “मुलाला समुद्राचे शिक्षण द्यावयाचे आहे, पण नेमका कोणता विषय घ्यावा?”

या प्रश्नाचे उत्तर घाईने दिले गेले तर त्याची किंमत विद्यार्थ्यालाच मोजावी लागते. एखादा विषय अकरावीत सोडल्यामुळे पुढची वाट कायमची बंद झाल्याचे पदवीच्या अखेरीस ध्यानात येते. ज्या घरातील पहिलाच मुलगा वा मुलगी महाविद्यालयाची पायरी चढलेली असते, त्या घराला अशी चूक परवडत नाही. म्हणून या शिक्षणाची रचना प्रथम समजावून घेतली पाहिजे.

पदवीचे दोन मार्ग

समुद्राशी संबंधित शिक्षणाचे आपल्याकडे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग मत्स्यविज्ञानाच्या चार वर्षांच्या पदवीचा. देशातील पहिले मत्स्य महाविद्यालय १९६९ मध्ये मंगळूर येथे निघाले. महाराष्ट्रात १९८१ मध्ये रत्नागिरीजवळ शिरगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय सुरू झाले. पुढे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत नागपूर व उदगीर येथेही अशी महाविद्यालये उभी राहिली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या दोन ठिकाणांची नावे वाचून कोणास नवल वाटेल. परंतु तलाव, जलाशय व शेततळी यांतील मत्स्यसंवर्धन हाही याच शास्त्राचा भाग होय.

दुसरा मार्ग मूलभूत विज्ञानाचा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी एका विषयात बी.एस्सी. करावयाची आणि त्यानंतर गोवा विद्यापीठ, कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ यांसारख्या ठिकाणी सागरविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे. या मार्गाने जाणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. तो पदवीसाठी जो विषय घेतो, तोच पुढे समुद्राकडे पाहण्याची त्याची खिडकी ठरतो. विशेष विषयाची निवड त्याच्या बाबतीत बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी, किंबहुना अकरावीतच, होऊन जाते.

मत्स्यविज्ञानाच्या पदवीत स्थिती निराळी आहे. तेथे सर्व विद्यार्थ्यांना मत्स्यसंवर्धन, मत्स्यसंपत्ती व्यवस्थापन, मत्स्यप्रक्रिया, मत्स्य अभियांत्रिकी, जलपर्यावरण, अर्थशास्त्र व विस्तार शिक्षण हे सर्व विषय शिकावे लागतात. अखेरच्या वर्षी अनुभवाधारित शिक्षण, ग्रामीण कार्यानुभव आणि उद्योगातील प्रशिक्षण यांच्या निमित्ताने विद्यार्थ्याचा कल स्पष्ट होतो, आणि खरे विशेषीकरण पदव्युत्तर अभ्यासक्रमात होते. त्यामुळे येथे निवडीसाठी अवधी मिळतो; मात्र तो अवधी विचारपूर्वक वापरला पाहिजे.

एक बांगडा, अनेक शास्त्रे

निरनिराळ्या शाखांचे स्वरूप केवळ नावांवरून उमगत नाही. त्यासाठी आपल्या परिचयाचा एक प्रश्न घेऊ. “यंदा बांगडा उशिरा का आला?” हा प्रश्न कोकणातील कोणत्याही बंदरावर ऐकू येतो. त्याचे उत्तर देण्यासाठी किती शास्त्रांना एकत्र यावे लागते ते पाहावे.

भौतिक सागरविज्ञानाचा अभ्यासक प्रथम वाऱ्याचा विचार करील. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील, विशेषतः दक्षिण भागातील, पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घेण्यास खालचे थंड पाणी वर येते. प्रवाह, तापमान, क्षारता व भरती-ओहोटी यांचे गणित मांडणे हे त्याचे काम. या शाखेत गणितावाचून पाऊलही टाकता येत नाही.

रासायनिक सागरविज्ञानाचा अभ्यासक त्या वर आलेल्या पाण्याचे नमुने तपासील. त्यात नायट्रेट व फॉस्फेट ही पोषकद्रव्ये विपुल, पण प्राणवायू अल्प, असे त्याला आढळेल. पोषकद्रव्यांमुळे सूक्ष्म वनस्पती फोफावतात; परंतु प्राणवायू फारच घटला तर मासळी ते पाणी टाळते. पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या अखेरीस उद्भवणाऱ्या या अल्पप्राणवायूच्या स्थितीचा गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कांदोळीसमोरील समुद्रात दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

जैविक सागरविज्ञानाचा अभ्यासक प्लवकांकडे, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत जाणाऱ्या सूक्ष्म जीवांकडे, वळेल. कारण बांगड्याचे अन्न तेच. भूशास्त्रीय शाखेचा अभ्यासक तळाची माती व वाळू, खाडीच्या मुखाशी साचणारा गाळ आणि किनाऱ्याची धूप यांचा शोध घेईल. याच शाखेच्या कक्षेत खोल समुद्रातील खनिजेही येतात. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून बहुधातू गोटे वर काढले आणि १९८७ मध्ये भारताची या क्षेत्रातील अग्रणी गुंतवणूकदार म्हणून नोंद झाली.

मत्स्यसंपत्ती व्यवस्थापनाचा तज्ज्ञ वेगळाच प्रश्न विचारील : गेल्या हंगामात अंडी घालण्यापूर्वीच किती बांगडा पकडला गेला? मासळीची लांबी, वय, प्रजननकाळ आणि बंदरावर उतरलेला माल यांच्या नोंदींवरून तो साठ्याचा अंदाज बांधतो. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदीचा काळ का ठेवला आहे, हे मच्छीमारांना पटवून देण्याची जबाबदारी शेवटी याच शास्त्रावर येते. मत्स्य अभियंता जाळ्याच्या आसाचा आकार ठरवतो. ट्रॉल जाळ्याच्या शेपटाकडील भागास चौकोनी आस ठेवले की ओढताना ते मिटत नाहीत आणि लहान मासळीला निसटण्यास वाव राहतो.

बांगडा बंदरावर उतरल्यानंतरही शास्त्राचे काम संपत नाही. या माशाच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य असते. मासा उष्ण हवेत पडून राहिला तर जीवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात आणि खाणाऱ्यास विषबाधा होऊ शकते. शिजवल्याने ते नष्ट होत नाही. मासळीइतकेच बर्फ वापरावे हा साधा नियम त्यामागील प्रक्रियाशास्त्र कळले म्हणजे केवळ नियम राहत नाही. १९९७ मध्ये युरोपीय समुदायाने स्वच्छतेच्या कारणास्तव भारतीय मासळीची आयात काही काळ थांबवली, तेव्हा या विषयाचे आर्थिक महत्त्व सर्वांच्या प्रत्ययास आले.

संवर्धनाची वाट

समुद्रातील पकड अमर्याद वाढवता येत नाही, म्हणून मत्स्यसंवर्धनाकडे अनेक विद्यार्थ्यांचा ओढा असतो. पेण-अलिबाग परिसरात तळ्यांतून जिताडा वाढवण्याची रीत जुनीच आहे. खाजण जमिनीवरील कोळंबीचे संवर्धन त्यामानाने अलीकडचे. या क्षेत्रात लाभ आहे, तशी जोखीमही आहे. १९९० नंतरच्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशातील कोळंबी शेतीचे अतोनात नुकसान केले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरील कोळंबी तळ्यांसंबंधी कठोर निर्णय दिला आणि २००५ मध्ये किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला. तेव्हा हा विषय निवडणाऱ्याने बीजनिर्मितीबरोबरच रोगनिदान, पाण्याची परीक्षा व कायदा यांचीही गोडी लावून घेतली पाहिजे. जो पहाटे तीन वाजता तळ्यातील प्राणवायू मोजण्यास कंटाळणार नाही, त्यानेच या वाटेला जावे.

निवडीच्या चार कसोट्या

पहिली कसोटी पायाभूत विषयांची. मत्स्यविज्ञानाच्या पदवीसाठी बारावीला जीवशास्त्र लागते. भौतिक सागरविज्ञानासाठी गणित अपरिहार्य आहे. ज्या विद्यार्थ्याचा निश्चय झालेला नाही आणि ज्याची कुवत आहे, त्याने अकरावीत गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवावेत. दोन वर्षे श्रम अधिक पडतील, पण दोन्ही दारे उघडी राहतील. गणिताच्या भीतीने ते सोडण्याचा सल्ला देताना शिक्षकांनी ही गोष्ट विसरू नये.

दुसरी कसोटी कामाच्या ठिकाणाची. कोणाचे मन प्रयोगशाळेत रमते, कोणाचे तळ्याच्या बांधावर, कोणाचे संगणकापुढे, तर कोणाचे मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभेत. संशोधन जहाजावरील अनेक आठवड्यांच्या सफरी ऐकावयास रम्य वाटतात. ज्याला बोट लागते, त्याला त्या सोसवतीलच असे नाही. कोळ्याच्या मुलाला समुद्राची सवय असते, हा त्याचा मोठा लाभ आहे. परंतु केवळ त्यामुळे त्याने समुद्रावरचाच विषय घ्यावा असेही नाही. घरच्या मासळीला रास्त भाव का मिळत नाही, हा प्रश्न ज्याला लहानपणापासून छळतो, तो मत्स्य अर्थशास्त्रात किंवा प्रक्रियेत अधिक मोलाची कामगिरी करू शकेल.

तिसरी कसोटी अर्हतेची. मत्स्यव्यवसाय विभाग, संशोधन संस्था, बँका आणि निर्यात उद्योग यांतील पदांच्या जाहिरातींत आवश्यक पदवी व विषय नेमक्या शब्दांत दिलेले असतात. विशेष विषय निवडण्यापूर्वी मागील काही जाहिराती मिळवून त्यांतील शब्द काळजीपूर्वक वाचावेत. विषय नावाने जवळचा असूनही अर्ज अपात्र ठरणे, ही आपत्ती अशा वाचनाने टळते.

चौथी कसोटी काळाची. आज कोणत्या विषयाला मागणी आहे यावर सर्वस्वी विसंबू नये. उपग्रहांनी टिपलेले समुद्राचे तापमान व हरितद्रव्य यांवरून हैदराबाद येथील केंद्र मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना देते. हवामानबदलाने मासळीचे थवे स्थान बदलू लागले आहेत. २०२१ मध्ये खोल समुद्र मोहिमेला मंजुरी मिळाली. २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाला आणि त्याच्या घटत्या पकडीकडे लक्ष वेधले गेले. मागणी बदलत राहील. पाया भक्कम असलेला विद्यार्थी तिच्याबरोबर बदलू शकेल.

मुलींनी मागे का राहावे?

मुलींना प्रयोगशाळेतील ‘सोयीचा’ विषय सुचवण्याची प्रथा अजूनही दिसते. डॉ. अदिती पंत यांचे उदाहरण या संदर्भात मननीय आहे. नागपुरात जन्मलेल्या आणि पुणे विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेतलेल्या या विदुषी हवाई येथे सागरविज्ञान शिकल्या, लंडन येथे पुढील संशोधन करून परतल्या आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करू लागल्या. १९८३-८४ च्या अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी झालेल्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी त्या एक होत. त्यांच्या वाटचालीची सुरुवात एका साध्या बी.एस्सी.ने झाली, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

शिक्षक व पंचायतींचे कार्य

या निवडीत शाळा व पंचायत यांना बरेच काही करता येण्याजोगे आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा बंदर, बर्फ कारखाना, मत्स्यबीज केंद्र आणि जवळचे मत्स्य महाविद्यालय दाखवावे. गावातील जाणत्या तांडेलांना वर्गात बोलावून वारा, पाणी आणि मासळी यांविषयी बोलते करावे. मुलांनी त्यांचे म्हणणे वहीत उतरवावे. ग्रामपंचायतीच्या फलकावर प्रवेशाच्या तारखा व शिष्यवृत्त्यांची माहिती वेळेवर लागावी. आणि गावातील जो विद्यार्थी हे शिक्षण घेत आहे, त्याला सुटीत धाकट्यांशी बोलण्यास सांगावे. त्याच्या अनुभवातून मिळणारे मार्गदर्शन कोणत्याही माहितीपत्रकाहून अधिक उपयोगी पडेल.

विशेष विषय निवडणे म्हणजे समुद्राचा एक तुकडा घेऊन उरलेल्याकडे पाठ फिरवणे नव्हे. बांगड्याच्या एका प्रश्नासाठी वारा जाणणारा, पाणी जाणणारा, मासा जाणणारा आणि माणूस जाणणारा असे सर्वच लागतात. यांपैकी आपण कोण होऊ शकतो, हे विद्यार्थ्याने शांतपणे ठरवावे, आणि ते ठरवण्याइतकी माहिती व उसंत त्याला देणे, हे आपणा वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय.