कळलावी : अंगणाची शोभा आणि घ्यावयाची दक्षता

ऐन पावसाळ्यात कुंपणावर चढून ज्वालेप्रमाणे फुलणारी कळलावी महाराष्ट्रास अपरिचित नाही. अग्निशिखा, वाघनखी, खड्यानाग ही तिचीच नावे. कंदाचा आकार नांगरासारखा असल्याने संस्कृतात तिला ‘लांगली’ म्हणतात. तामिळनाडूचे हे राज्यपुष्प असून तेथे बियांसाठी तिची शेतीही होते. अशी वेल आपल्या अंगणात असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र कंदापासून बीपर्यंत तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, हे लावणाऱ्याने प्रथम जाणून घेतले पाहिजे.

विषाचे स्वरूप

कळलावीतील मुख्य विष कोल्चिसीन हे होय. ते पेशींचे विभाजन रोखते. आतड्यांचे अस्तर आणि अस्थिमज्जा येथे पेशी सतत नव्याने तयार होत असल्याने त्यांवर पहिला आघात होतो. याच गुणधर्मामुळे १९३७ पासून वनस्पतिप्रजननात गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी कोल्चिसीनचा उपयोग होऊ लागला. अत्यल्प मात्रेत, वैद्यकीय देखरेखीखाली, ते संधिरोगाच्या एका प्रकारावर औषध म्हणूनही दिले जाते. परंतु औषधाची आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. कंद शिजविल्याने वा वाळविल्याने विष नाहीसे होत नाही. श्रीलंकेत रताळे समजून हा कंद खाल्ल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत.

लागवड

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्याच्या आष्टीसारख्या काळ्या जमिनीच्या गावी ही वेल कुंडीत लावणे अधिक सोयीचे. काळ्या मातीत पाणी साचून कंद कुजतो. शिवाय कुंडीमुळे कंद ठरावीक जागीच राहतो. सुमारे ३० सेंटिमीटर खोल कुंडीत माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग घालावे. मृगाच्या सुमारास कंद आडवा ठेवून त्यावर ५ ते ७ सेंटिमीटर माती पसरावी. कोंब कंदाच्या टोकाशी फुटतो. ते टोक मोडल्यास कंद उगवत नाही. पानांच्या टोकांना असलेल्या तणाव्यांनी वेल चढते, म्हणून काठीचा आधार द्यावा. हिवाळ्याच्या तोंडाशी पाने पिवळी पडली की पाणी बंद करावे.

दक्षता

कंद हाताळताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. काढलेले कंद कांदे, रताळी वा बियाण्याजवळ ठेवू नयेत. ‘विषारी’ अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात, कोरड्या वाळूत, कुलुपात ठेवावेत. फुले कोमेजताच खुडावीत, म्हणजे मुलांना मोह पाडणाऱ्या लाल बिया धरणारच नाहीत. छाटलेले वेल गुरे-शेळ्यांच्या वाटेस जाऊ न देता खोल पुरावेत. सुदर्शनाचा कंदही कांद्यासारखा दिसतो व विषारी असतो. त्यालाही हेच नियम लागू आहेत.

अंगणवाडी, शाळेची परसबाग आणि पाणवठा या ठिकाणी कळलावी लावू नये. शाळेच्या कुंपणावर ती आपोआप उगवली असल्यास शिक्षकांनी विद्यार्थ्यांस तिची ओळख करून द्यावी आणि ग्रामपंचायतीने ती कंदासह काढून घ्यावी.

प्रसूतीच्या कळा आणते, या समजुतीमुळे वेलीस ‘कळलावी’ हे नाव पडले. या समजुतीपोटी कंद पोटात घेणे माता व बालक या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. हा गैरसमज दूर करण्याच्या कामी पंचायत सदस्य व आरोग्यसेविका यांचे साह्य मोलाचे ठरेल.

विषबाधा झाल्यास

लक्षणे तत्काळ दिसत नाहीत. काही तासांनी उलट्या, पोटदुखी व जुलाब सुरू होतात. ते थांबले तरी धोका टळलेला नसतो, कारण पुढील दिवसांत मूत्रपिंड, हृदय व रक्तपेशी यांवर परिणाम होतो. यावर खात्रीचा उतारा सहज उपलब्ध नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, घरगुती उपचारांत वेळ न दवडता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णास रुग्णालयात न्यावे; खाल्लेल्या कंदाचा तुकडा सोबत द्यावा.

सौंदर्यासाठी वेल लावण्यास हरकत नाही. परंतु घरातील प्रत्येकास, अगदी लहान मुलासही, तिचे नाव आणि तिचा धोका ठाऊक असेल, तेथेच ती लावावी.