गाशापोन: दैव, पुरुषकार आणि न मिळालेला रोबो

मागच्या वेळी आपण दैव आणि पुरुषकार हा जुना वाद पाहिला. अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, या दोहोंत मोठं कोण? तिथे उत्तर शेतीच्या भाषेत येतं. दैव हे बी, पुरुषकार हे शेत; दोन्ही एकत्र आल्याशिवाय पीक नाही. व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "सर, आजचं एखादं उदाहरण द्या ना. बी कुठलं आणि शेत कुठलं, हे बोटाने दाखवता येईल असं." आम्ही मान डोलावली आणि वेळ मारून नेली. उदाहरण डोक्यात होतं, पण ते सांगायची थोडी लाज वाटत होती. आज सांगतो.

उदाहरण जपानमधल्या एका खेळण्याचं आहे. आमची मुलगी टोकियोत असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता तिच्याकडे तीन महिने राहून आलो. तिथे स्टेशनात, दुकानांच्या दारात, जिन्याखाली, जिथे म्हणून हातभर जागा असेल तिथे छोटी यंत्रं एकावर एक रचलेली दिसतात. वर पारदर्शक पेटी, तीत प्लास्टिकच्या गोल कॅप्सूल. खाली नाणी टाकायची फट आणि एक मूठ. नाणी टाकली की आतला अडसर सुटतो, मूठ फिरवली की भोकांची चकती फिरते आणि भोकात बसलेली एक कॅप्सूल घरंगळत खाली येते. साध्या यंत्राला वीज लागत नाही. मूठ फिरतानाचा आवाज 'गाचा', कॅप्सूल पडतानाचा आवाज 'पोन'. म्हणून गाचापोन. आपण मोटारसायकलला फटफटी म्हणायचो, तसंच हे. 'गाशापोन' हे बांदाई कंपनीचं नोंदवलेलं नाव.

यंत्राचं मूळ अमेरिकेतलं. र्‍यूझो शिगेता नावाच्या व्यापाऱ्याने १९६५ साली टोकियोच्या कुरामाए भागात ते पहिल्यांदा लावलं. तेव्हा एका खेपेला दहा येन पडत. १९७७ मध्ये बांदाई शंभर येनचं यंत्र घेऊन उतरली. ऐंशीच्या दशकात 'किन्निकुमान' या कुस्तीच्या चित्रकथेतल्या पात्रांच्या रबरी बाहुल्या निघाल्या आणि त्या सुमारे अठरा कोटी खपल्या. २०२१ साली टोकियोच्या इकेबुकुरो भागात एक दुकान उघडलं, त्यात तेव्हा अशी ३,०१० यंत्रं एका छताखाली होती. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. आम्ही तिथे गेलो होतो. मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त दिसली.

आता आपला विषय. या कॅप्सूलमध्ये काय वाटेल ते निघतं: मांजरं, सुशी, खुर्च्या, देवळांच्या प्रतिकृती. पण एक जात आमच्या नातवाच्या खास आवडीची, ती म्हणजे सुटे भाग बदलता येणारे छोटे रोबो. उंची साधारण दोन इंच. डोकं, हात, पाय, पाठीवरचं ओझं, शस्त्रं हे सगळं खुंटी आणि भोक अशा जोडणीचं. एकाचा हात काढून दुसऱ्याला बसवता येतो. 'गुंडम' ही रोबोंची मालिका १९७९ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिच्या यंत्रमानवांचा 'मोबाइल सूट आन्सांबल' हा संच याच जातीचा. आम्ही गेलो तेव्हा एका खेपेला पाचशे येन पडत. एकेका संचात पाच-सहा प्रकार असतात. यंत्राच्या दर्शनी भागावर सगळ्यांची चित्रं असतात. आपल्याला त्यातलं कुठलं मिळणार, ते मात्र मूठ ठरवते.

म्हणजे काय येतं ते दैव. आलेल्याचं काय करायचं, तो पुरुषकार. बी आणि शेत, दोन्ही एका मुठीत मावणारी. ताई, हे तुमचं उदाहरण. पण एवढ्यावर थांबलो तर ते फार गोड होईल. दैवाचा हा भाग नेमका किती खर्चाचा, ते आधी बघू.

समजा, संचात सहा प्रकार आहेत आणि प्रत्येकाची शक्यता सारखी आहे. सहाही मिळवायला सरासरी किती खेपा लागतील? पहिल्या खेपेला येईल ते नवीनच. दुसरा नवा प्रकार यायला सरासरी १.२ खेपा, तिसरा यायला १.५, चौथ्याला २, पाचव्याला ३ आणि सहाव्याला ६. बेरीज करा: १४.७. पाचशे येनच्या दराने ७,३५० येन. एकही दुबार न येता सहा मिळाले असते, तर ३,००० येनमध्ये काम झालं असतं. आणि गंमत बघा, शेवटच्या एका रोबोसाठीच सरासरी सहा खेपा, म्हणजे ३,००० येन. जेवढ्यात अख्खा संच यायला हवा होता, तेवढे पैसे एकट्या शेवटच्याला. संग्राहक जिथे अडकतो ती जागा ही.

आणि आम्हीही तिथेच अडकलो. नातवाकडे पाच प्रकार होते, सहावा, लाल रंगाचा, येत नव्हता. त्याचा अकरावा वाढदिवस जवळ आला होता. एका दुपारी आम्ही "पाय मोकळे करून येतो" असं सांगून निघालो, स्टेशनापाशी नोटा मोडून शंभराची नाणी घेतली आणि यंत्रापुढे उभे राहिलो. चाळीस वर्षं वर्गात तृष्णा या विषयावर बोललेला माणूस. ऋग्वेदातलं अक्षसूक्त, जुगाऱ्याचा तो पश्चात्ताप, आम्ही किती पिढ्यांना शिकवला असेल! पहिल्या तीन खेपांना हसू आलं. पाचव्या खेपेला हसू गेलं. आमच्या मागे शाळेतून सुटलेला एक मुलगा शांतपणे उभा होता, त्याला पुढे जाऊ द्यायचंही आम्हाला सुचलं नाही. नऊ खेपा झाल्या. ४,५०० येन. लाल रोबो नाही. प्रत्येक खेपेला शक्यता सहात एक धरली, तर नऊ खेपा वाया जाणं साधारण पाचात एकाच्या वाट्याला येतं. आम्ही ते एक.

आता तुम्ही म्हणाल, सर, हा तर जुगाऱ्याचा भ्रम: इतक्या वेळा आलं नाही, म्हणजे आता येणारच. नाही, इथे थोडं थांबून विचार केला पाहिजे. फासा दर वेळी नव्याने पडतो, त्याला मागचं काही आठवत नाही. यंत्र तसं नाही. बाहेर आलेली कॅप्सूल परत आत जात नाही. आत लाल रोबो असेल, तर प्रत्येक वाया गेलेल्या खेपेनंतर तो मिळण्याची शक्यता खरोखरच किंचित वाढते. मग आमची आशा तर्काला धरून होती का? अर्धीच. कारण 'आत असेल तर' हे जे आम्ही गृहीत धरलं, त्याला आधार काय होता? आमच्या आधी येऊन कोणी तो नेलेला असू शकतो. आशेला बऱ्याचदा गणिताचा आधार असतो, गृहीतकाचा नसतो. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर आम्हाला व्याप्ती पाठ होती, पण पक्षावर हेतू आहे का ते आम्ही पाहिलंच नव्हतं. डोंगरावर धूर दिसतोय का हे न बघताच आम्ही अग्नी सिद्ध करायला निघालो होतो.

घरी आलो. नऊ कॅप्सूल लपवणार कुठे? मुलीने पिशवी पाहिली आणि म्हणाली, "बाबा, अकिहाबारात कॅप्सूल उघडून सुटे रोबो विकणारी दुकानं आहेत. हवा तो निवडून घेता येतो. आम्हाला विचारायचंत तरी." आमची सौ. काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. नातवाला मात्र अतोनात आनंद झाला. आम्ही त्याला म्हटलं, "अरे, लाल नाही मिळाला. सगळे तुझ्याकडचेच आहेत." तो म्हणाला, "आजोबा, तीन करडे आहेत!" आणि बसला की जमिनीवर.

तासाभराने त्याने जे आणून दाखवलं, त्याला तीन डोकी आणि सहा हात होते. सौ.ने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर दत्त!" नातू म्हणाला, "नाही आजी, हा आशुरा." नारा शहरात कोफुकुजी नावाचं देऊळ आहे, तिथे आठव्या शतकातली आशुराची मूर्ती आहे, तीन तोंडं, सहा हात. ती त्याने पाहिली होती. आशुरा म्हणजे आपला असुरच, बौद्ध धर्माबरोबर तिकडे जाऊन धर्माचा रक्षक झालेला. तेव्हा एकाच प्लास्टिकच्या तुकड्यांकडे बघून आजीला देव दिसला आणि नातवाला असुर. आम्हाला दिसले ४,५०० येन.

इथे आपल्या शास्त्रातला एक जुना प्रश्न समोर येतो. तीन करडे रोबो मोडून हा एक झाला. मग ते तीन कुठे गेले? हा चौथा कुठून आला? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला रथाबद्दल हेच विचारतात: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? शेवटी निष्कर्ष असा, की भाग एकत्र आले म्हणजे 'रथ' हा शब्द आपण वापरतो, भागांपलीकडे वेगळी वस्तू नाही. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून अवयवी वेगळा. धाग्यांहून कापड वेगळं, आणि एक धागा काढला तर जुनं कापड नाहीसं होऊन नवं कापड जन्माला येतं. वर्गात हे सांगितलं, की मुलं हसायची. एक धागा काढला तर नवं कापड? पण नातवापुढे बसून एक हात इकडचा तिकडे करून बघा. त्याने हात बदलला, की नावही बदलतो. "हा आता तो नाही, आजोबा." न पढवता तो नैयायिक आहे. दुसऱ्या दिवशी सगळं मोडून पुन्हा तीन करडे केले, तेव्हा मात्र म्हणाला, "काही नाही, तुकडेच तर होते." तेव्हा तो नागसेनांच्या बाजूला गेला. आम्हाला वाटतं, बांधताना माणूस नैयायिक असतो आणि मोडताना बौद्ध. दोन्ही दर्शनं त्याच्या हातात होती.

आता संग्रह करण्याच्या दोन रीती तुमच्या लक्षात आल्या असतील. पहिली रीत यादीची. सहा घरं, पाच भरलेली, एक रिकामं. या रीतीत हातातल्या पाचांपेक्षा नसलेला एक मोठा होतो. फ्रेंच विचारवंत जाँ बोद्रिलार यांनी १९६८ च्या 'वस्तूंची व्यवस्था' या ग्रंथात संग्राहकाच्या बाबतीत याच न मिळालेल्या वस्तूला केंद्रस्थानी ठेवलं आहे. या रीतीत दुबार आलेली वस्तू म्हणजे नुकसान. लहानपणी आम्ही काडेपेट्यांचे छाप जमवायचो, तेव्हा दुबार छाप निदान बदलून घेता यायचे. दुसरी रीत बांधणीची. तिच्यात दुबार म्हणजे कच्चा माल. यादीवाल्याला जे दैवाने मारलं असं वाटतं, तेच बांधणाऱ्याचं बी होतं. तिसरा करडा आला नसता, तर दत्तही नाही आणि आशुराही नाही.

पण मंडळी, इथे टाळ्या वाजवू नका. कारण ही दुसरी रीतही विकणाऱ्याच्या फायद्याचीच आहे. यादीवाला सहा मिळाले की थांबतो. बांधणाऱ्याला थांबायची जागाच नाही. त्याला चौथा करडाही हवाच असतो. नुकसान नाहीसं झालं, की थांबण्याचं एक कारणही नाहीसं होतं. म्हणून पुरुषकारात जोडणं येतं तसं आवरणंही यायला हवं. जपानात हाच गाचा पुढे मोबाइलच्या खेळांत शिरला. पैसे देऊन नशिबाने चित्रं काढायची आणि ठरावीक चित्रांचा संच पुरा केला की बक्षीस, अशी 'कॉम्प्लीट गाचा' नावाची पद्धत निघाली. २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार खात्याने ती कायद्याविरुद्ध ठरवली. ज्या बक्षिसासाठी संच पुरा करावा लागतो, त्याचा शेवटचा तुकडा किती महाग पडतो ते आपण मघाशी मोजलंच. लोखंडी यंत्रापुढे निदान नाणी संपतात, मनगट दुखतं, मागे एखादा मुलगा उभा असतो. फोनमध्ये यातलं काहीच आडवं येत नाही.

आमच्या मुलीने घरात एक साधा नियम केला आहे: महिन्याला दोन खेपा, आणि नवा रोबो आला की त्याचं काहीतरी बांधून दाखवल्याशिवाय पुढची खेप नाही. नियम नातवासाठी केलेला होता. त्या दिवसापासून तो आम्हालाही लागू झाला. त्या हिशेबाने आमच्या नऊ खेपांत साडेचार महिन्यांचा कोटा संपला होता, आणि बांधून दाखवायचं तर आमच्याकडे काहीच नव्हतं. नातवाने एक करडा आम्हाला दिला. तो आता आमच्या टेबलावर आहे, उजव्या हाताशिवाय. हात आशुराला लागतो म्हणून तिकडेच राहिला.

लाल रोबोचं काय झालं, असं तुम्ही विचारालच. वाढदिवसाला आम्ही अकिहाबारातून तो विकत आणून देऊ म्हटलं, तर नातू जरा विचार करून म्हणाला, "आणा, पण मग तो मोडायचा नाही, ठेवायचा." आम्ही आणला नाही. ते बरोबर केलं की चूक, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. वाढदिवसाच्या दिवशी मुलाला हवं ते द्यायचं सोडून त्याला शिकवायला जाणं हाही म्हातारपणाचा एक लोभच असू शकतो.

तेव्हा इथे थांबू. पुढच्या वेळी अवयवी आणि अवयव हाच धागा धरून, शरीराचे सगळे कण बदलले तरी 'मी तोच' असं माणूस का म्हणतो, ते पाहू. काही प्रश्न असतील तर आता विचारा.