गॅलेक्सी : सांभाळणाऱ्यांचं सॉफ्टवेअर

२०११ साली प्रसिद्ध झालेले ५० शोधनिबंध दोन संशोधकांनी बारकाईने तपासले. डीएनएचे वाचलेले तुकडे मूळ जीनोमवर जुळवण्यासाठी या सगळ्यांत बीडब्ल्यूए हे एकच सॉफ्टवेअर वापरलेलं होतं. प्रश्न साधा होता : ही जुळवणी दुसऱ्या कोणाला पुन्हा करून पाहायची असेल, तर निबंधात तेवढी माहिती आहे का? सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती आणि सेटिंग कोणत्या, या दोन्ही गोष्टी फक्त ७ निबंधांत सापडल्या. ३१ निबंधांत दोन्हींचा पत्ता नव्हता. म्हणजे बहुतेकांनी निष्कर्ष छापला होता, पण तिथवर कसे पोहोचलो ते सांगितलं नव्हतं.

हे तपासणारे दोघे म्हणजे अँटन नेक्रुटेंको आणि जेम्स टेलर. त्यांची ही पाहणी २०१२ मध्ये ‘नेचर रिव्ह्यूज जेनेटिक्स’मध्ये आली, तोवर या दुखण्यावरच्या त्यांच्या उपायाला सात वर्षं झाली होती. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात २००५ च्या सुमारास उभा राहिलेला तो उपाय म्हणजे गॅलेक्सी. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, आपल्या संगणकावर चालवावा.

गॅलेक्सी ब्राउझरमध्ये उघडतं. डावीकडे टूलांची (विश्लेषणाच्या प्रोग्रॅमांची) यादी, मधे निवडलेल्या टूलचा फॉर्म, उजवीकडे ‘हिस्टरी’. ही हिस्टरी हा या सॉफ्टवेअरचा प्राण आहे. दुकानदाराच्या रोजमेळात प्रत्येक व्यवहार चढतो तशी इथे प्रत्येक पायरी आपोआप चढते : कोणती फाइल, कोणतं टूल, त्याची कोणती आवृत्ती, कोणता पर्याय. संशोधकाने वेगळी वही ठेवायची गरज नाही. आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय पुढे आहे. आठवडाभर चाचपडत, चुकत, परत करत जे काम झालं, त्याच्या हिस्टरीतून नेमक्या पायऱ्या निवडून एका बटणावर वर्कफ्लो तयार करता येतो. मग तोच क्रम दुसऱ्या नमुन्यांवर चालवता येतो, सहकाऱ्याला पाठवता येतो, निबंधाबरोबर सर्वांसाठी खुला ठेवता येतो. आधी आराखडा आखा आणि मग काम करा असा आग्रह इथे नाही. प्रयोगशाळेतली माणसं जशी काम करतात, तसंच ते करू दिलं आहे.

पण एवढ्याने गॅलेक्सी वीस वर्षं टिकलं नसतं. जीवशास्त्रातली टूलं हजारोंच्या घरात आहेत आणि रोज नवी येतात. एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने लिहिलेलं उत्तम टूल तो पदवी घेऊन गेल्यावर पोरकं होतं. एका विद्यापीठातल्या मूठभर प्रोग्रॅमरांनी हे सगळं गॅलेक्सीत आणणं अशक्य होतं. म्हणून त्यांनी दार उघडलं, आणि गॅलेक्सीची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

कोणतंही टूल गॅलेक्सीत यायचं तर त्याला एक ‘रॅपर’ लागतो. रॅपर म्हणजे एक्सएमएलमध्ये लिहिलेली फाइल. टूलला कोणत्या फाइल द्यायच्या, फॉर्मवर कोणते पर्याय दिसावेत, आतून कोणती आज्ञा चालवायची, मदतीचा मजकूर काय, मूळ लेखकाच्या निबंधाचा संदर्भ कोणता, हे सगळं त्यात असतं. शिवाय एक छोटी टेस्ट असते : नमुन्याची इवलीशी फाइल आणि तिच्यावर टूल चालवल्यावर काय बाहेर पडायला हवं ते. रॅपर लिहिणारा बहुधा टूलचा लेखक नसतो. कोणाला तरी स्वतःच्या कामासाठी ते टूल हवं असतं, तो रॅपर लिहितो आणि ‘टूल शेड’ या सामाईक भांडारात ठेवतो. तिथून जगातला कोणताही गॅलेक्सी सर्व्हर ते उचलू शकतो.

भांडार उघडं ठेवलं की त्यात बरंवाईट सगळंच येणार. ते निगुतीने सांभाळायला स्वयंसेवकांचा एक गट उभा राहिला आणि त्याने स्वतःला नाव दिलं ‘इंटरगॅलेक्टिक युटिलिटीज कमिशन’. नाव गमतीचं, काम मात्र चिवट. चांगला रॅपर कसा असावा याचे नियम या गटाने लिहिले, शेकडो रॅपर स्वतःच्या सांभाळाखाली घेतले आणि नवख्यांनी पाठवलेले रॅपर ओळ न ओळ वाचून दुरुस्त्या सुचवल्या. पाठवण्याआधी घरच्या घरी तपासता यावं म्हणून जॉन चिल्टन यांनी प्लॅनेमो हे साधन बनवलं. आपला रॅपर नीट चालतो का, हे नवख्याला चारचौघांसमोर जाण्याआधी कळतं. संकोची माणसाला याचं किती महत्त्व असतं, हे अशा कामात नवखेपणी उतरलेल्या कोणालाही पटेल.

टेस्टची सक्ती वरवर कोरडी वाटते. मला ती या समुदायातली सर्वांत आपुलकीची रीत वाटते. पाच वर्षांनी मूळ टूलची नवी आवृत्ती येते, तेव्हा रॅपर लिहिणारा कुठल्या देशात आणि कुठल्या नोकरीत असेल कोण जाणे. त्याला शोधत बसावं लागत नाही. टेस्ट चालवली की काय मोडलं ते नव्या माणसाला दिसतं आणि तो काम पुढे नेऊ शकतो. आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसाची सोय आधीच करून ठेवायची, हे इथे नियमातच बसवलेलं आहे.

रॅपर झाला तरी खालचं टूल संगणकावर बसवण्याची कटकट राहतेच. एकाला एक लायब्ररी हवी, दुसऱ्याला तिचीच जुनी आवृत्ती. यावर बायोकोंडा हा सामाईक प्रकल्प उभा राहिला. तो उभा करणाऱ्यांत योहानेस क्योस्टर होते आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात गॅलेक्सीचं काम पाहणारे ब्योर्न ग्रूनिंगही होते. क्योस्टर हे स्नेकमेकचे कर्ते, आणि स्नेकमेक हे स्वतःच वर्कफ्लोचं सॉफ्टवेअर, एका अर्थी गॅलेक्सीचं प्रतिस्पर्धी. तरी दोघांनी मिळून पाया घातला. २०१८ मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये बायोकोंडाचा निबंध आला, तोवर त्यात हजारो टूलं भरली गेली होती. प्रत्येक टूलची ठरावीक आवृत्ती ठरावीक साहित्यासह बांधलेली, शिवाय तिचा कंटेनर, म्हणजे कुठेही तसंच चालेल असं बंद पाकीट, आपोआप तयार. आज जे गॅलेक्सीचं पानही उघडत नाहीत, तेही रोज बायोकोंडाच्या आधारावर काम करतात. गॅलेक्सीच्या लोकांनी विज्ञानाला दिलेल्या गोष्टींत ही मी फार वरची मानतो. तिच्यावर त्यांचं नावसुद्धा नाही.

कोडपलीकडचंही पाहायला हवं. समुदाय जोडण्यासाठी, लोकांना भेटवण्यासाठी आणि त्यांचं ऐकून घेण्यासाठी या प्रकल्पाने पगारी माणूस नेमला. डेव्ह क्लेमेंट्स यांनी ते काम अनेक वर्षं केलं. २०११ पासून वार्षिक संमेलन देशोदेशी फिरू लागलं : नेदरलँड्समधलं लुंटेरन, शिकागो, ऑस्लो, बाल्टिमोर, नॉरिच. भाषणं संपली की ‘कोफेस्ट’चे दिवस येतात. लोक टेबलाभोवती बसून एकत्र काम करतात आणि ज्याला कोड येत नाही तो मदतीचा मजकूर सुधारतो, धडा तपासतो.

धड्यांचा कारभार ‘गॅलेक्सी ट्रेनिंग नेटवर्क’कडे आहे. शेकडो पाठ, सगळे मोफत, सगळे दुरुस्तीला खुले. प्रत्येक पाठावर कोणी लिहिलं, कोणी संपादन केलं, कोणी चाचणी घेतली, कोणी अनुवाद केला, हे वेगवेगळं नोंदवता येतं. विद्यापीठात पाठ्यसाहित्य घडवणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही, म्हणून ही नोंद महत्त्वाची. फेब्रुवारी २०२१ मध्ये या मंडळींनी पाच दिवसांचं जागतिक ऑनलाइन शिबिर भरवलं. व्याख्यानं आधीच ध्वनिचित्रित केलेली, शंका विचारायला दिवसरात्र कोणी ना कोणी जागं, ज्याने त्याने आपल्या सवडीने शिकायचं. हजाराहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं.

त्याआधीचं वर्ष या कुटुंबासाठी कठीण गेलं. २ एप्रिल २०२० रोजी जेम्स टेलर गेले. वय अवघं चाळीस. तेव्हा ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होते. थोडेच आठवडे आधी, फेब्रुवारीत, गॅलेक्सीच्या गटाने कोरोना विषाणूच्या तोवर उपलब्ध असलेल्या जनुकीय माहितीचं पृथक्करण खुल्या वर्कफ्लोंसह जगापुढे ठेवलं होतं. साथीच्या काळात माहितीही उघडी हवी आणि ती हाताळण्याची रीतही, हा त्यांचा आग्रह होता. टोरोंटोला ठरलेलं त्या वर्षीचं संमेलन ऑनलाइन झालं आणि पृथ्वीच्या दोन्ही अंगांना सोयीचं व्हावं म्हणून कार्यक्रम बारा तासांच्या अंतराने दोनदा मांडला गेला. टेलर यांच्या नावाने निघालेली जेएक्सटीएक्स ही संस्था आता विद्यार्थ्यांना परिषदांना जाण्यासाठी मदत करते. संस्थापक जाऊनही काम थांबलं नाही, कारण ते एव्हाना शेकडो हातांत वाटलेलं होतं.

आज जीनोमच्या पलीकडे हवामान, खगोल, रसायन अशा विषयांचे गटही गॅलेक्सी वापरतात. मिनेसोटा विद्यापीठातल्या ‘गॅलेक्सी-पी’ या प्रकल्पाने त्यात प्रथिनांचा अभ्यास आणला. टिमोथी ग्रिफिन यांच्याबरोबर तो वाढवणारे प्रतीक जगताप हे नाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल.

एक काळजी मात्र बोलून दाखवायला हवी. गॅलेक्सीचे सार्वजनिक सर्व्हर फुकट दिसतात, पण त्यांची वीज आणि माणसं सार्वजनिक अनुदानावर चालतात : अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्था, जर्मनीत संशोधन मंत्रालय, ऑस्ट्रेलियात बायोकॉमन्स. अनुदानं काही वर्षांपुरती असतात आणि ती नव्या कल्पनेला चटकन मिळतात. वीस वर्षं चालू असलेली गोष्ट उद्याही चालू ठेवायला पैसे मागणं कठीण जातं. मला हा उलटा न्याय वाटतो. हजारो शोधनिबंध ज्यावर उभे आहेत, त्याच्या देखभालीला रस्ते-पुलांच्या देखभालीसारखा कायमचा निधी असायला हवा.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यासाठी यात काय आहे? मुख्य सार्वजनिक सर्व्हरवर खातं उघडलं की काम सुरू करण्यापुरती भरपूर जागा मिळते. जीनोमची अवजड फाइल सातारा किंवा नांदेडच्या महाविद्यालयातल्या संथ इंटरनेटवरून चढवावी लागत नाही. सार्वजनिक संग्रहातला तिचा क्रमांक दिला की सर्व्हर ती परस्पर मागवून घेतो. आणि शिक्षकाने वर्ग घ्यायचा ठरवला, तर युरोपीय सर्व्हरकडे आधी एक अर्ज भरायचा : तारीख, विद्यार्थी किती, पाठ कोणता. त्या दिवशी वर्गाची कामं सामान्य रांगेत न अडकता राखून ठेवलेल्या संगणकांवर चालतात. शिक्षकाला एका पानावर वर्गाची कोणती कामं पूर्ण झाली, कोणती रांगेत आहेत आणि कोणती फसली, हे दिसत राहतं. या सेवेसाठी शिक्षकाकडून पैसे घेतले जात नाहीत.